जुन्या वसाहतीवर हक्क सांगणाऱ्या ‘देशा’चा पासपोर्ट घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचणाऱ्या सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचा मावसभाऊ मस्कतला नोकरीला आहे, त्याला कुणीतरी एका ‘देशा’चं नागरिकत्व देऊ केलंय, आणि वर थोडे जास्त डॉलर भरले तर ‘मानद कॉन्सुल’, म्हणजे त्या देशाचा परदेशातला बिनपगारी प्रतिनिधी, पण करतो म्हणतात. हा देश म्हणे पूर्वी इंग्रजांकडे असलेल्या कुठल्याशा बेटांवर हक्क सांगतो, का तर दीडशे वर्षांपूर्वीचा मूळ करारच चुकीचा होता, म्हणून पुढे आलेलं सरकार बेकायदा आणि आम्हीच तिथले खरे वारस. झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, पोस्टाची तिकिटं आहेत, आणि शंका काढली की माँटेव्हिडिओ कराराचं कलम पुढे करतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, हा देश खरा आहे का, त्या पासपोर्टवर प्रवास होतो का, आणि नुसता हौस म्हणून घेऊन ठेवला तर काही बिघडतं का.

पहिल्या दोन्हीचं उत्तर, ‘नाही’. तिसऱ्याचं उत्तर, हो, बिघडतं. मी २२ वर्षं पासपोर्ट, नागरिकत्व आणि इमिग्रेशनच्या केसेस बघते, आणि असं कागदपत्र हातात घेऊन आलेली माणसं दरवर्षी एकदोन तरी येतात, त्यातले बहुतेक साधे नोकरदार असतात, कुणाला वाटलेलं असतं की युरोपचा व्हिसा सोपा होईल, कुणाला नावापुढे पदवी हवी असते. त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

माँटेव्हिडिओपासून सुरू करू कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी केलेली असते. १९३३ साली उरुग्वेच्या राजधानीत अमेरिका खंडातल्या देशांनी हा करार केला. पहिल्या कलमात देशाला चार गोष्टी लागतात असं म्हटलंय, कायमची वस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि बाकी देशांशी संबंध ठेवायची क्षमता. तिसऱ्या कलमात असं आहे की देशाचं राजकीय अस्तित्व दुसऱ्यांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. हे लोक तिसरं कलम ठळक अक्षरात छापतात आणि पहिलं पटकन उरकतात. म्हणजे भूभाग, तर तो आम्ही नकाशावर दाखवला, वस्ती म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरलेले आमचे नागरिक, आणि सरकार तर आम्हीच. पण कलमाचा अर्थ तसा नाही हो. त्या जमिनीवर राहणारी माणसं आणि त्या माणसांवर प्रत्यक्ष चालणारं सरकार असा त्याचा अर्थ आहे. तुमच्या भावाला एवढंच विचारायला सांगा, त्या बेटांवर तुमचा एक तरी तलाठी आहे का? तिथल्या जमिनीचा सातबारा कुणाच्या सहीने निघतो? तिथं मूल जन्मलं तर जन्मदाखला कोण देतं? या तीन प्रश्नांची उत्तरं जे सरकार देतं ते तिथलं सरकार, मग दीडशे वर्षांपूर्वीच्या करारात काहीही लिहिलेलं असो.

आता त्या जुन्या कराराबद्दल. हा मुद्दा शिकलेल्या माणसालाही पटतो, कारण आपल्याकडे जमिनीच्या भांडणात आजोबांचं खरेदीखत चुकीचं निघालं तर खरंच केस फिरते. पण देशांच्या बाबतीत असं चालत नाही, आणि ते का चालत नाही हे समजायला लांब जायची गरज नाही, दादरा नगर हवेलीची केस आहे ना.

१७७९ मध्ये पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला, इंग्रजांविरुद्ध पोर्तुगीज आपल्याकडे राहावेत म्हणून, आणि त्यात दमणजवळच्या मुलखातल्या गावांचा १२ हजार रुपयांचा महसूल त्यांना देऊ केला. मग १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर हवेली आणि दादरा इथली गावं त्यांच्याकडे गेली. पुढे १९५४ साली ही गावं पोर्तुगीजांच्या हातून सुटली आणि भारताने दमणहून तिकडे जायचा रस्ता अडवला, म्हणून १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. आणि तिथे, नेदरलँड्समध्ये, जगभरच्या न्यायाधीशांसमोर प्रश्न आला की मराठ्यांच्या कागदांतल्या ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांचा अर्थ काय. भारताचं म्हणणं होतं की पेशव्यांनी फक्त महसूल दिला होता, राज्य दिलं नव्हतं. न्यायालयाने ते मान्य केलं! सरंजाम म्हणजे उत्पन्नाचा हक्क, सार्वभौमत्व नाही, मराठे मनात आणतील तेव्हा तो परत घेऊ शकत होते.

इथे वाटेल की संपलं, पोर्तुगीजांचा पायाच गेला. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. त्यांनी पुढे बघितलं की मराठ्यांच्या जागी इंग्रज आले तेव्हा त्यांना पोर्तुगीज त्या गावांत पूर्ण कारभार करताना दिसले, इंग्रजांनी तो तसाच चालू दिला, स्वतः हक्क सांगितला नाही, पोर्तुगीज स्वतःला तिथले सार्वभौम म्हणवत होते आणि त्याला कुणी कधी आव्हान दिलं नाही. म्हणून प्रत्यक्ष वागण्यातून इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगीज सत्ता गृहीत धरली असा निष्कर्ष काढला. म्हणजे मूळ कागदात राज्य दिलेलंच नव्हतं तरी पुढच्या दीडशे वर्षांच्या वागण्याने ते झालं. हे वाचताना मला आजही त्रास होतो, कारण कागद आपल्या बाजूने होता. पण कायदा असाच चालतो, आणि तुमच्या भावाला देशाचे ‘वारस’ जे सांगतायत ते नेमकं याच्या उलट आहे.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाऊ द्यायचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता, हे ८ विरुद्ध ७, म्हणजे एका मताने. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, हे ९ विरुद्ध ६.

याच केसमधून दुसरी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या पहिल्या प्रश्नाला जास्त लागू आहे. २२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा, म्हणजे नगर हवेलीचं मुख्य गाव. सिल्वासाच्या मोहिमेत आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक असे सगळे होते, राजा वाकणकर होते, आपले बाबूजी म्हणजे सुधीर फडके होते, आणि पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. आमच्या पिढीला हे घरात ऐकायला मिळालं, पण सिल्वासा सुटल्यावर पुढची सात वर्षं काय झालं हे फार कुणी सांगत नाही. त्या सात वर्षांत हा मुलूख पोर्तुगालचा उरला नव्हता आणि भारतातही सामील झालेला नव्हता. जगातल्या एकाही देशाने त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली नाही. तरी कारभार चालला. वरिष्ठ पंचायत होती, प्रशासक होता, महसूल गोळा व्हायचा, आणि जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा शिक्का मारून ती वापरली. ते तिकीट मी एका संग्राहकाकडे हातात घेऊन पाहिलंय, खाली पोर्तुगीज छपाई तशीच आणि वर काळ्या शाईत दोन इंग्रजी शब्द. नवीन तिकीट छापायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता, पण कामं अडून चालणार नव्हती.

मग १९६१ मध्ये पंचायतीने भारतात जायचा ठराव केला. आता विलीनीकरणाच्या करारावर दोन्ही बाजूंनी सही लागते, इकडून नेहरू, पण तिकडून कोण? म्हणून तिथे प्रशासक असलेले आयएएस अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं, त्यांनी सही केली, आणि दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा नगर हवेली भारतात आली. जेमतेम ४९० चौरस किलोमीटर मुलूख, वारली, कोकणा, धोडिया लोकांची गावं. मान्यता शून्य, आणि तरी त्या सात वर्षांत तिथल्या माणसाला विचारलं असतं की तुमचा कारभार कोण बघतं तर त्याने पंचायतीकडे बोट दाखवलं असतं. त्या सरकारने मस्कतच्या कुणाला डॉलर घेऊन कॉन्सुल केलं नाही.

याच्या उलट बाजू बघायची तर न्यू हेब्रिडीजकडे बघा. हे मी प्रत्येक अशा क्लायंटला सांगते, कारण तुमच्या भावाला जे विकलं जातंय त्याचा थोरला भाऊ तिथे झाला आणि त्यात माणसं मेली.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमधली ही बेटं, आज तिथे वानुआतू देश आहे. १९०६ पासून इंग्रज आणि फ्रेंच दोघं मिळून ती चालवायचे, त्याला काँडोमिनियम म्हणतात. दोन पोलीस दलं, दोन तुरुंग, दोन प्रकारच्या शाळा, बाहेरून येणाऱ्याने सांगायचं की मला कुठला कायदा लावा, इंग्रज का फ्रेंच. आणि जे मूळचे तिथले, ज्यांच्या बापजाद्यांच्या त्या बेटांवर शेती, ते कायद्याने कुणाचेच नागरिक नव्हते. ब्रिटिश नाहीत, फ्रेंच नाहीत. बेटाबाहेर जायचं तर ओळखीच्या एका कागदावर दोन्ही रेसिडेंट कमिशनरांच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज आणि फ्रेंच प्रमुख अधिकाऱ्यांच्या, सह्या लागायच्या. माझ्या कामामुळे असेल, पण वसाहत म्हणजे काय हे मला त्या दोन सह्यांच्या कागदावरून जेवढं कळलं तेवढं मोठ्या पुस्तकांतून कळलं नाही. आपल्याच गावात बिनदेशी.

शिवाय जमिनी गेलेल्या. गोऱ्या मळेवाल्यांनी नारळाचे मळे केले, मग साठच्या दशकात गुरांसाठी आतलं रानही साफ करायला लागले. त्याविरुद्ध एस्पिरितु सांतो या सगळ्यात मोठ्या बेटावर जिमी स्टीव्हन्स यांनी नाग्रियामेल नावाची चळवळ उभी केली, फनाफो या गावातून. मागणी सरळ होती, आमची जमीन आम्हाला द्या. इथपर्यंत कुठल्याही मराठी माणसाला ही चळवळ आपलीच वाटेल.

पण मग त्यात मायकेल ऑलिव्हर नावाचा अमेरिकन व्यावसायिक आला. याने आधी १९७२ मध्ये टोंगाजवळच्या मिनर्व्हा खडकांवर बाहेरून वाळू टाकून देश काढला होता, टॅक्स नसलेला देश, तो टोंगाच्या राजाने त्याच वर्षी ताब्यात घेतला. मग ऑलिव्हर आणि त्याच्या फिनिक्स फाउंडेशनने सांतोकडे लक्ष वळवलं. पैसा आला, रेडिओचं सामान आलं, घटनेचा मसुदा आला, नाणी आली. स्टीव्हन्स यांना जमीन परत हवी होती, ऑलिव्हरला परदेशी गुंतवणूकदारांसाठी बिनकराची जागा हवी होती, आणि इंग्रजी बोलणाऱ्या नव्या सरकारची धास्ती घेतलेल्या काही फ्रेंच मळेवाल्यांना आपले मळे टिकवायचे होते. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी हव्या, आणि झेंडा एकच.

नोव्हेंबर १९७९ च्या निवडणुकीत फादर वॉल्टर लिनी यांचा पक्ष जिंकला. मे १९८० च्या शेवटी स्टीव्हन्स यांच्या माणसांनी, बरेचसे तिरकामठे घेतलेले, सांतोमधलं लुगनव्हिल शहर ताब्यात घेतलं आणि वेमेराना हा देश जाहीर केला. इंग्रज आणि फ्रेंच सैनिक आले पण लढले नाहीत. ३० जुलैला वानुआतू स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्यात मोठं बेट सरकारच्या हातात नव्हतं. लिनी यांनी शेजारच्या पापुआ न्यू गिनीकडे मदत मागितली, त्यांचं सैन्य ऑगस्टमध्ये उतरलं आणि थोड्याच दिवसांत वेमेराना संपला. बघा, इंग्रज किंवा फ्रेंचांच्या नाही, पाच वर्षांपूर्वी स्वतः स्वतंत्र झालेल्या शेजाऱ्याच्या सैन्याने तो संपवला. नाक्यावरून गाडी पळवताना स्टीव्हन्स यांचा मुलगा गोळीबारात मारला गेला. स्टीव्हन्स शरण आले, १४ वर्षांची शिक्षा झाली, १९९१ मध्ये सुटले आणि १९९४ मध्ये वारले. पैसे आणि मसुदे पुरवणारे सांतोच्या तुरुंगात गेले नाहीत.

आणि ज्या जमिनीसाठी ते सगळं सुरू झालं होतं, ती मागणी वानुआतूच्या घटनेतच आली, देशातली सगळी जमीन परंपरेने जे तिथले मालक आहेत त्यांची आणि त्यांच्या वंशजांची. म्हणजे न्याय मिळायचा तो तिथल्याच लोकांनी लिहिलेल्या घटनेतून मिळाला, बाहेरून आलेल्या मसुद्यातून नाही. म्हणून तुमच्या भावाला देऊ केलेल्या त्या ‘देशा’बद्दल माझा पहिला राग कायद्याचा नाहीच. त्या बेटांवर आज माणसं राहत असतील तर त्यांना न विचारता त्यांच्या जमिनीचं नागरिकत्व तिसरा कुणीतरी विकतोय. वसाहतीतही हेच तर होत होतं ना? आणि जिथून माणसं खरंच हाकलली, उदाहरणार्थ हिंदी महासागरातली चागोस बेटं, जिथून १९६८ ते १९७३ मध्ये सगळी वस्ती उठवली, तिथले लोक पन्नास वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतायत, २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयाने इंग्लंडने ती बेटं सोडावीत असं मतही दिलं. पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी ती माणसं कुणाला पासपोर्ट विकत फिरत नाहीत.

तुम्हाला कुणी बीर तविलचंही उदाहरण देईल, तेव्हा ते पण सांगून टाकते. इजिप्त आणि सुदानच्या मधला साधारण २ हजार चौरस किलोमीटरचा वाळवंटी तुकडा. १८९९ मध्ये इंग्रजांनी २२व्या अक्षांशावर सरळ रेघ मारली, १९०२ मध्ये टोळ्यांच्या वहिवाटीप्रमाणे दुसरी वाकडी रेघ मारली. इजिप्त पहिली मानतो, सुदान दुसरी, कारण आपापल्या रेघेने समुद्राकाठचा हलायब हा मोठा आणि कामाचा भाग आपल्याकडे येतो, आणि दोन्ही हिशोबांत बीर तविल समोरच्याच्या पदरात पडतो, म्हणून तो कुणीच मागत नाही. २०१४ मध्ये एक अमेरिकन बाप मुलीला राजकन्या करायला तिथे झेंडा लावून आला, २०१७ मध्ये आपल्या इंदूरच्या एका तरुणाने जाऊन बी पेरलं आणि स्वतःला राजा म्हणवलं. दोघं घरी परतले. तिथे फिरणारे अबाबदा आणि बिशारी लोक आधीपासून आहेत, सोनं शोधणारे आहेत, त्यांचं आयुष्य त्या झेंड्यांनी तसूभर बदललं नाही. स्वतःच्या शेतात किंवा अंगणात कुणी गंमत म्हणून देश काढला, मित्रांना तिकिटं वाटली, तर माझी काही तक्रार नाही, पण जिथे पैसे आणि पासपोर्ट येतात तिथे मी सावध होते.

आता पासपोर्ट. हे माझं रोजचं काम आहे.

तुमचा स्वतःचा पासपोर्ट काढा आणि फोटोच्या पानावर खाली बघा. दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ अक्षरं, मधे मधे बाणासारखी खूण. पहिल्या ओळीत पासपोर्टसाठी ‘पी’ आणि मग तीन अक्षरांत ‘आयएनडी’, म्हणजे तो भारताने दिलाय. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदत, आणि राष्ट्रीयत्व सोडून बाकीच्यांमागे एकेक तपासणीचा आकडा, तो ७-३-१ अशा पटीने गुणून काढलेला असतो. इमिग्रेशनवाला पासपोर्ट मशीनवर ठेवतो तेव्हा हे वाचलं जातं. ती तीन अक्षरं ठरलेल्या जागतिक यादीतली असावी लागतात. यादीत फक्त देशच आहेत असंही नाही, संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी आहेत, माल्टाची ऑर्डर या जुन्या कॅथलिक संस्थेला कोड आहे, बिनदेशी माणसांनाही कोड आहे, नमुन्याच्या पासपोर्टसाठी ‘युटोपिया’ या काल्पनिक देशाचा कोड सुद्धा ठेवलाय. पण तुमच्या भावाच्या ‘देशा’चा नाही. ते आकडे बरोबर गुणून छापतीलही, पण तीन अक्षरं कुठून आणणार?

आणि हे नवीन नाही. ऱ्होडेशिया, ब्रिटिश होंडुरास, झांझिबार अशा आता नसलेल्या देशांच्या नावाने पासपोर्ट विकायचा धंदा जुना आहे, त्याला कॅमफ्लाज पासपोर्ट म्हणतात. युरोपियन युनियनने तर अशा आणि काल्पनिक देशांच्या पासपोर्टची यादीच केलीय, ज्यावर व्हिसा चिकटवायचा नाही. वसाहतीचं जुनं नाव ओळखीचं वाटतं, कानावर पडलेलं असतं, म्हणूनच ते वापरतात.

एक केस सांगते, नाव गाव सोडून. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ, छोटा कारखाना, एका ‘देशा’चा डिप्लोमॅटिक पासपोर्ट साडेतीन लाखाला घेतला, त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. पासपोर्ट दिसायला आपल्यापेक्षा भारी होता, गडद निळं कव्हर, सोन्याच्या रंगात ठसा, बोटाला लागणारा. आखातातल्या एका विमानतळावर त्यांनी भारतीय पासपोर्टसोबत तोही काउंटरवर ठेवला, मान मिळेल म्हणून. बाजूला घेतलं, अकरा तास बसवून ठेवलं, मग परत पाठवलं. खरी अडचण इथे आल्यावर सुरू झाली, कारण आता त्यांना खुलासा द्यायचा होता की तुम्ही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय का. आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. आता तो देशच नाही तर नागरिकत्व कसलं, हे बरोबर, आणि मी तेच मांडलं. पण विचार करा, एका माणसाला सरकारपुढे लेखी द्यावं लागतं की मी जे विकत घेतलं ते खोटं आहे आणि ते मी खरं समजून दाखवलं. आठ महिने गेले, कारखान्याच्या दोन ऑर्डर गेल्या, आणि त्या बाईंच्या हातात पाटल्या परत आल्या नाहीत.

कॉन्सुल पदाचं तर फार लवकर संपतं. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार कॉन्सुलला काम करायला यजमान देशाची परवानगी लागते, आपल्याकडे ती परराष्ट्र मंत्रालय देतं, ओमानमध्ये त्यांचं मंत्रालय. नेमणारा देशच मान्य नसेल तर परवानगी कोण देणार? जुलै २०२५ मध्ये गाझियाबादला भाड्याच्या बंगल्यात असल्या ‘देशां’ची वकिलात थाटलेली पोलिसांनी पकडली, बनावट डिप्लोमॅटिक नंबर प्लेटच्या गाड्या, शिक्के, रोकड, आणि परदेशात नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून पैसे घेतल्याचा आरोप. अशा ठिकाणी लेटरहेडवर ‘कॉन्सुल’ म्हणून तुमच्या भावाचं नाव असेल तर उद्या पोलीस आधी त्याच्या दारात येतील. आणि ‘सर’, ‘ड्यूक’ वगैरे पदवी देतो म्हणत असतील तर घटनेच्या कलम १८ नुसार भारतीय नागरिकाला परदेशी राज्याची पदवी घेता येत नाही, म्हणजे त्यांचा देश खरा मानला तर पदवी बेकायदा आणि खोटा मानला तर पदवीच नाही.

कुणी म्हणेल की वानुआतू पण पैसे घेऊन नागरिकत्व देतो. देतो, पण तो १९८१ पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे, त्याच्याकडे ते द्यायचा अधिकार आहे. आणि तोच देश ते काढूनही घेऊ शकतो, मार्च २०२५ मध्ये ललित मोदींचा पासपोर्ट रद्द करायचा आदेश त्यांच्या पंतप्रधानांनी दिला ते सगळ्यांनी वाचलं.

आता तुमच्या भावाने काय करायचं. पैसे दिले नसतील तर बोलणं बंद, कारण सांगायची गरज नाही. दिले असतील तर आजच बँकेला लेखी कळवायचं, कार्डने दिले असतील तर व्यवहारावर हरकत घ्यायची, याला जेवढा उशीर तेवढी आशा कमी. भारतातल्या खात्यातून गेले असतील तर १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवा, तो तुमच्या घरूनही होतो. त्याने पासपोर्टचं किंवा आधारचं स्कॅन पाठवलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि मस्कतच्या आपल्या दूतावासाला एक साधा ईमेल टाकून ठेवा की माझ्या कागदपत्रांच्या प्रती अमुक तारखेला अशा लोकांकडे गेल्यात, पुढे त्या कुठे वापरल्या गेल्या तर ही तारीख उपयोगी पडते. ती पुस्तिका हातात आली असेल तर ती घेऊन विमानतळावर अजिबात जायचं नाही, फाडूनही टाकायची नाही, तक्रारीत पुरावा म्हणून लागते. आणि पैसे दिल्याच्या पावतीवर कुठल्या बँकेचं, कुठल्या देशातलं खातं आहे ते बघा, बेटांवरचं सरकार म्हणवतात त्यांचं खातं बेटांवर आहे का. ते कळलं की मला सांगा, तक्रारीचा मसुदा त्यावरून करून देते.